मुंबईत जगज्जेतेपदाची बुद्धिबळ लढत भरवायची असेल तर

दादरच्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही खुली बुद्धिबळ स्पर्धा भरवली होती. मे महिना, रविवारची संध्याकाळ. शेवटची फेरी संपली, निकालाचा कागद भिंतीवर चिकटवला, आणि आमच्या खजिनदारांनी मला जिन्यात बोलावून हळूच सांगितलं की प्रायोजकाचा चेक आलेला नाही, ते फोनही उचलत नाहीत. वर सभागृहात पहिला आलेला मुलगा ट्रॉफी छातीशी धरून उभा होता. त्याची आई मला म्हणाली, "ताई, पाकीट आत्ताच मिळेल ना? डोंबिवलीला जायचंय आम्हाला." आम्ही सहा जणांनी पर्स आणि खिसे रिकामे केले, पहिल्या तिघांची पाकिटं भरली आणि उरलेल्यांना तारखा दिल्या. शेवटचं बक्षीस चुकतं व्हायला गणपती उजाडले.

जगज्जेतेपदाच्या पातळीवरही हेच झालेलं आहे. १९९८ साली स्पेनमधल्या काझोर्ला गावी अलेक्सी शिरोवने क्रामनिकला हरवलं. जिंकणाऱ्याला कास्पारोव्हशी जगज्जेतेपदाची लढत मिळणार आणि त्याची कमाई त्या लढतीतून होणार, हरणाऱ्याला मात्र तिथेच पैसे मिळणार, असा करार होता. कास्पारोव्ह-शिरोव लढतीसाठी पुरेसा पैसा उभा राहिला नाही आणि ती लढत झालीच नाही. हरलेल्या क्रामनिकला मानधन मिळालं, जिंकलेला शिरोव रिकाम्या हातांनी राहिला. दोन वर्षांनी लंडनमध्ये कास्पारोव्हसमोर बसला तो क्रामनिकच.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: बक्षिसाची रक्कम आधी बँकेत, मग घोषणा. बोली, सभागृह, प्रायोजक, तिकिटं हे सगळं या एका शिस्तीभोवती कसं बांधायचं ते पुढे लिहिते. मुंबईतल्या ज्या क्लबांना, जिल्हा संघटनांना किंवा कंपन्यांना ही लढत आपल्या शहरात यावी असं मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी आकडा मांडा

२०२४ च्या गुकेश-डिंग लिरेन लढतीसाठी फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, बोली मागवल्या, तेव्हा यजमानाकडून अपेक्षित अंदाजपत्रक ८५ लाख डॉलरचं होतं. त्या वेळच्या दराने साधारण ७१ कोटी रुपये. त्यात बक्षीस २५ लाख डॉलर आणि फिडेचं शुल्क ११ लाख डॉलर. म्हणजे बक्षीस आणि शुल्क मिळून ३६ लाख होतात आणि उरलेले ४९ लाख सभागृह, हॉटेल, प्रक्षेपण, सुरक्षा, प्रवास, समारंभ यांच्यावर जातात. लोकांना वाटतं की मोठा खर्च बक्षिसाचा असतो. तसं नाही. दोन माणसांना तीन आठवडे निवांत बसून विचार करता यावा, यासाठीच अर्ध्याहून जास्त पैसा लागतो.

आपल्याकडचे दोन आकडे जवळ ठेवा. २०१३ च्या चेन्नईतल्या आनंद-कार्लसन लढतीसाठी तमिळनाडू सरकारने २९ कोटी रुपये मंजूर केले होते. २०२२ च्या मामल्लपुरमच्या ऑलिम्पियाडसाठी त्याच सरकारने ९२ कोटींच्या आसपास रक्कम दिली, आणि ती स्पर्धा अवघ्या चार महिन्यांच्या तयारीत उभी राहिली.

अंदाजपत्रक करताना मी वहीचं पान मधोमध दुमडते. डावीकडे असा खर्च, जो लढत दहाव्या दिवशी संपली तरी पूर्ण द्यावाच लागतो: बक्षीस, फिडेचं शुल्क, मंच, काचेची खोली, विमान तिकिटं, उद्घाटन. उजवीकडे दिवसागणिक वाढणारा खर्च: खोल्या, जेवण, गाड्या, सुरक्षारक्षक, कॅमेऱ्याची टीम, सभागृहाचं भाडं. उजव्या बाजूची एका दिवसाची बेरीज काढून ती पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे कोणी "एक विश्रांतीचा दिवस वाढवू या का" असं विचारलं, तर उत्तर त्या आकड्यातच असतं. एकूण बेरजेवर किमान दहा टक्के अडीअडचणीसाठी ठेवा आणि ते पैसे कोणालाही सजावटीसाठी वापरू देऊ नका.

आणखी एक बाब नवखे आयोजक हमखास विसरतात. बोली डॉलरमध्ये असते, प्रायोजक पैसे देतात रुपयांत. बक्षीस आणि शुल्काचे ३६ लाख डॉलर धरले, तर डॉलर एका रुपयाने वधारला की तुमचे ३६ लाख रुपये गेले. बोली मंजूर झाली की त्याच आठवड्यात बँकेत जाऊन डॉलरचा दर बांधून घेणारा फॉरवर्ड करार करा.

बक्षिसाची वाटणी फिडेच्या नियमांप्रमाणे होते. २०२४ मध्ये जिंकलेल्या प्रत्येक क्लासिकल (जास्त वेळेच्या) डावाला दोन लाख डॉलर होते आणि उरलेली रक्कम दोघांत सारखी वाटली गेली. गुकेशचे तीन विजय, डिंगचे दोन. म्हणून गुकेशला साडेतेरा लाख आणि डिंगला साडेअकरा लाख डॉलर मिळाले. आयोजकाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे, कारण वाटणी कशीही झाली तरी एकूण बेरीज तीच राहते.

कराचं कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. परदेशी नागरिक असलेल्या अनिवासी खेळाडूच्या भारतातल्या कमाईवर २० टक्के कर, शिवाय अधिभार आणि उपकर, पैसे देतानाच कापावा लागतो. करारात बक्षीस "कर वजा जाता" असं लिहिलं असेल, तर तो कर तुमच्या डोक्यावर येतो: खेळाडूच्या हाती १०० डॉलर पडावेत म्हणून तुम्हाला किमान १२५ मोजावे लागतात. त्या खेळाडूच्या देशाशी भारताचा करविषयक करार काय सांगतो, हे चार्टर्ड अकाउंटंटकडून बोली लावण्याआधी लेखी घ्या.

बोली कोणाच्या नावावर

२०२४ च्या लढतीसाठी तीन शहरं स्पर्धेत होती: नवी दिल्ली, चेन्नई आणि सिंगापूर. दिल्लीची बोली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची होती, चेन्नईची तमिळनाडू सरकारची. लढत सिंगापूरला गेली. एका देशातून दोन बोली गेल्याने तसं झालं, असं मी म्हणणार नाही. पण मुंबईने उतरायचं ठरवलं तर महासंघ, महाराष्ट्र बुद्धिबळ संघटना आणि राज्य सरकार यांची एकच सही असलेला एकच कागद फिडेकडे जावा, असं मला फार वाटतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता लागते, खेळाडू आणि त्यांच्या चमूच्या व्हिसासाठी गृह आणि परराष्ट्र खात्यांची दारं ठोठवावी लागतात. ही दारं राष्ट्रीय महासंघाच्या पत्राशिवाय उघडत नाहीत.

पैशांसाठी स्वतंत्र संस्था काढा: न्यास किंवा ना-नफा कंपनी, वेगळं बँक खातं, वेगळा लेखापरीक्षक. क्लबच्या रोजच्या खात्यातून या लढतीचा एक रुपयाही फिरू देऊ नका.

वेळेचं गणितही बघा. २०२४ मध्ये बोलीची मुदत ३१ मेला संपली, १ जुलैला यजमान ठरला आणि २५ नोव्हेंबरला पहिला डाव झाला. हातात पाच महिनेसुद्धा नव्हते. म्हणजे सभागृहाची तात्पुरती नोंदणी, हॉटेलचे दर, प्रायोजकांची हमीपत्रं हे सगळं बोलीच्या लिफाफ्यातच असायला हवं.

पैसा कुठून आणायचा

या खेळात पैसा उभा करण्याच्या रीती काळाप्रमाणे बदलत गेल्या. १८८६ च्या स्टाइनिट्झ-झुकरटोर्ट लढतीत दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांनी प्रत्येकी दोन हजार डॉलरची पैज लावली होती. १९२२ च्या लंडन नियमांनी आव्हानवीराने १० हजार डॉलर उभे करावेत असं ठरवलं. आलेखिनला ते पाठबळ अर्जेंटिनातून मिळालं, म्हणून १९२७ ची लढत ब्वेनोस आयरेसला झाली. पुढे फेरलढतीची वेळ आली तेव्हा त्याच १० हजारांवर बोलणी अडली आणि त्या लढतीत आलेखिनकडून हरलेल्या कापाब्लांकाला ती कधीच मिळाली नाही. १९७२ मध्ये आइसलंडमधल्या रेकयाविकला आव्हानवीर बॉबी फिशर येईना, तेव्हा जिम स्लेटर या इंग्लिश वित्त व्यावसायिकाने सव्वा लाख डॉलरच्या बक्षिसात स्वतःचे तेवढेच घालून ते दुप्पट केलं. अलीकडे सरकार आणि मोठी कंपनी असा जोड दिसतो. सिंगापूरच्या लढतीला गुगल प्रायोजक होती.

मुंबईत पहिला दरवाजा राज्य सरकारचा. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा राज्याने तिला तीन कोटींचं बक्षीस दिलं. बुद्धिबळासाठी तिजोरी उघडू शकते, हे आता सिद्ध झालं आहे. मंत्रालयात जाताना मात्र "खेळाला प्रोत्साहन" एवढंच लिहिलेलं निवेदन नेऊ नका. पर्यटन, शाळा आणि क्रीडा या तीन खात्यांना या लढतीतून नेमकं काय मिळेल, ते प्रत्येकी एका पानावर लिहून न्या. सरकारी मंजुरी आणि प्रत्यक्ष निधी यांच्यात महिने जातात, हेही धरून चाला. सरकारी पैसा दिवसागणिक खर्चाला लावा. बक्षीस आणि फिडेचं शुल्क खाजगी प्रायोजकाच्या आगाऊ रकमेतून वेगळ्या खात्यात ठेवा, आणि ते खातं दोन्ही बाजूंच्या सहीशिवाय हलणार नाही अशी बँकेला लेखी सूचना द्या. त्याला एस्क्रो म्हणतात. आमच्या दादरच्या स्पर्धेनंतर आम्ही हेच लहान प्रमाणात सुरू केलं: प्रायोजकाचे बक्षिसापुरते पैसे जमा झाल्याशिवाय प्रवेशपत्रिका छापायलाच द्यायची नाही. दोन प्रायोजक या अटीमुळे गेले. तेव्हा वाईट वाटलं, पण तेव्हापासून कुठल्याही मुलाला पाकिटासाठी थांबावं लागलेलं नाही.

दुसरा दरवाजा कंपन्यांचा, आणि इथे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याप्रमाणे समाजकार्यावर खर्च करायच्या पैशांचा, मोठा गैरसमज आहे. "तुमच्या सीएसआरमधून पाच कोटी द्या" असं म्हणत अनेक आयोजक कंपनीत जातात आणि हात हलवत परत येतात. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं *प्रशिक्षण* आहे. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, नियमात ते स्पष्टपणे वगळलेलं आहे. मग करायचं काय? एकाच कंपनीपुढे दोन वेगळे प्रस्ताव ठेवा. मंचामागच्या फलकावरच्या नावासाठी मार्केटिंग विभागाकडे जा. महापालिका शाळांमध्ये वर्षभराचा बुद्धिबळ प्रशिक्षण वर्ग, पट, घड्याळं आणि प्रशिक्षकाचं मानधन यांसाठी सीएसआर विभागाकडे जा. तो उपक्रम नोंदणीकृत संस्थेमार्फत, वेगळ्या खात्यातून चालवा. लढत तीन आठवड्यांत संपेल, वर्ग चालू राहील. मला तर दुसराच प्रस्ताव जास्त मोलाचा वाटतो.

प्रायोजकाशी रक्कम बोलताना "जीएसटी वेगळा" हे दोन शब्द पहिल्याच बैठकीत बोला. प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी आहे. एक कोटी "सगळं धरून" ठरलं, तर तुमच्या हातात साधारण ८४ लाख ७५ हजारच येतात. हप्ते असे ठेवा: निम्मे सहीच्या दिवशी, चाळीस टक्के पहिल्या डावाच्या तीस दिवस आधी, दहा टक्के शेवटी. शेवटचा हप्ता बुडाला तरी लढत अडणार नाही, हे धरूनच मांडणी करा.

तिसरा दरवाजा आपला घरचा. ज्या शहरात गल्लोगल्ली गणपतीची वर्गणी, पावतीपुस्तक आणि स्मरणिकेतल्या जाहिराती यांवर मंडप उभे राहतात, तिथे ही ताकद कमी लेखू नका. कोट्यवधी त्यातून येणार नाहीत. पण स्वयंसेवकांचं जेवण, शाळकरी मुलांच्या बस, मराठी समालोचनाचा मंच एवढं त्यातून सहज होतं, आणि शहराला ही लढत आपली वाटू लागते.

तिकिटं आणि प्रक्षेपण यांचं उत्पन्न अंदाजपत्रकात हात राखून धरा. २०१६ च्या न्यूयॉर्क लढतीच्या आयोजकांनी चाली इतर संकेतस्थळांनी थेट दाखवू नयेत म्हणून न्यायालयात धाव घेतली, पण न्यायालयाने मनाई दिली नाही. खेळली गेलेली चाल ही घडलेली गोष्ट आहे, तिच्यावर मालकी सांगता येत नाही. विकायचं तर चित्र विका, समालोचन विका, खेळाडूंच्या चेहऱ्यांवरचा ताण विका. आणि त्यातही कॅमेऱ्यांबाबत खेळाडूंची लेखी संमती आधी घ्या. रेकयाविकला चित्रीकरणाच्या हक्कांतून पैसा येईल असा हिशेब होता. फिशरला कॅमेऱ्यांचा त्रास झाला, दुसऱ्या डावाला तो आलाच नाही, तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर एका मागच्या खोलीत खेळला गेला आणि चित्रीकरणाचा बेत कोलमडला. खेळाडूच्या मर्जीवर अवलंबून असलेलं कोणतंही उत्पन्न जमेच्या बाजूला लिहू नका.

तारखा

फिडे बहुतेक वेळा ठरावीक कालावधी देते, पण त्यातही थोडी निवड असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, मग गणपती, नवरात्र, दिवाळीचे फटाके. तुळशीचं लग्न लागलं की वरातींचे बँड आणि हॉटेलांतल्या लग्नांचे हॉल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्या दिवशी दादर-वरळी परिसरात आपल्या गाड्यांची गर्दी घालणं योग्य नाही. वर्षअखेरीला खोल्यांचे दर गगनाला भिडतात. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी रस्ते बंद. माझ्या मते मॅरेथॉननंतरचे पाच आठवडे मुंबईत सर्वांत निवांत.

खेळाडूंना पहिल्या डावाच्या किमान आठवडाभर आधी आणा. २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीने युरोपातली विमानं बंद पडली, आनंदला जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी फ्रँकफर्टहून बल्गेरियातल्या सोफियाला सुमारे ४० तास रस्त्याने जावं लागलं. त्याने तीन दिवसांची मुदत मागितली, एकच दिवस मिळाला. असा प्रसंग आला तर काय करायचं, हे करारातच असावं.

जागा, आणि जागेतली शांतता

मुंबईत पर्याय आहेत. २०१९ ची जागतिक युवा स्पर्धा पवईतल्या हॉटेलात झाली. तिथेच प्रज्ञानंदने १८ वर्षांखालचं विजेतेपद घेतलं. २०२५ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल चेस लीग गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये भरली. नरिमन पॉइंटला एनसीपीए हे कलाकेंद्र आहे, बीकेसीत मोठी संकुलं आहेत.

इथे एक अनुभव सांगते. उपनगरातल्या एका हॉटेलचा हॉल आम्ही मंगळवारी दुपारी पाहिला आणि खूश झालो. गालिचा, उंच छत, पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. नंतर काय वाटलं कोण जाणे, मी शनिवारी संध्याकाळी सात वाजता एकटीच परत गेले. पट जिथे मांडायचा तिथे खुर्ची टाकून, डोळे मिटून वीस मिनिटं बसले. एसीची घरघर होती, ती चालली असती. पण दर दोन मिनिटांनी लिफ्टची टिंग, भिंतीपलीकडे भांड्यांचा खणखणाट, आणि साडेसातला खालून वरातीचा ढोल, इतका की खुर्चीच्या हाताला थरथर जाणवत होती. आम्ही तो हॉल घेतला नाही. हीच चाचणी तुम्ही करा: शनिवारी, संध्याकाळी, एसी चालू ठेवून, वीस मिनिटं, डोळे मिटून.

उत्तम नाट्यगृह म्हणजे बुद्धिबळाला उत्तम, असंही समजू नका. एनसीपीएचं टाटा थिएटर ध्वनिवर्धकाशिवाय संगीत ऐकू यावं अशा बेताने बांधलेलं आहे. गाण्यासाठी हे वरदान, पण अशा सभागृहात शेवटच्या रांगेतला खोकला मंचापर्यंत पोचतो. म्हणून आता खेळाडूंना काचेच्या आवाजबंद खोलीत बसवतात. २०१८ ला लंडनमध्ये आणि २०२४ ला सिंगापूरमध्ये तसंच होतं: प्रेक्षकांना खेळाडू दिसत, खेळाडूंना प्रेक्षक नाहीत. ही काच अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. तिच्या आत स्वतंत्र, आवाज न करणारी हवा हवी, नाहीतर दोन तासांत खोली कोंदट होते.

प्रत्येक खेळाडूला विश्रांतीची वेगळी खोली आणि वेगळं स्वच्छतागृह द्या. हे लहान वाटतं, पण २००६ मध्ये रशियातल्या एलिस्ताला टोपालोव्हशी झालेल्या लढतीत क्रामनिक वारंवार स्वच्छतागृहात जातो अशी तक्रार टोपालोव्हच्या बाजूने झाली, अपील समितीने खाजगी स्वच्छतागृहं बंद केली, क्रामनिक पाचव्या डावाला बसलाच नाही आणि तो डाव त्याच्या हातून गेला. दोन्ही खोल्या सारख्या मापाच्या ठेवा, दोन्ही चमूंना बरोबर नेऊन दाखवा, डावापूर्वी पंचांनी तपासून कुलूप घालावं, आणि हे सगळं लढतीपूर्वी लेखी मान्य करून घ्यावं.

प्रेक्षकांचे मोबाइल बाहेर जमा करावे लागतात. त्यासाठी देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडची पद्धत सर्वांत चांगली: कप्पा, बिल्ला, बिल्ल्याची जोडी. गणित करून पाहा. ५०० प्रेक्षक, एका मोबाइलला १५ सेकंद, तर एका खिडकीवर दोन तास लागतात. सहा खिडक्या ठेवल्या तर वीस मिनिटांत रांग संपते.

डाव किती, आणि कधीपर्यंत

सध्याची लढत १४ डावांची असते, पण साडेसात गुण झाले की संपते. दुबईत २०२१ मध्ये ११ डावांत संपली. चेन्नईत १२ पैकी १० डावांतच निकाल लागला. उलट २०१८ ला लंडनमध्ये बाराही डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांनी निकाल दिला. म्हणून शेवटच्या तीन डावांची तिकिटं "डाव झाला नाही तर पैसे परत" या अटीनेच विका, आणि मुख्य प्रायोजकाचा मोठा समारंभ शेवटच्या आठवड्यात ठेवू नका. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. निम्म्या जागा तरी त्याच दरात असाव्यात, म्हणजे कॉलेजची मुलं येतील.

एक डाव किती लांबू शकतो? दुबईतला सहावा डाव १३६ चालींचा होता, पावणेआठ तास चालला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. मुंबईत डाव दुपारी अडीचला सुरू करा. युरोपात तेव्हा हिवाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात, प्रक्षेपणालाही ते सोयीचं. आठ तास गेले तरी साडेदहा होतील, आणि विरार-कल्याणच्या स्वयंसेवकांना लोकल मिळेल. तरीही दोन बस रोज उभ्या ठेवा. त्या मुलामुलींच्या आईवडिलांना हा शब्द देऊनच त्यांना बोलवा.

मुख्य पंच फिडे नेमते, त्यांची चिंता तुम्हाला नाही. तुमची माणसं म्हणजे पटाची इलेक्ट्रॉनिक जोडणी सांभाळणारा तंत्रज्ञ, डॉक्टर, रुग्णवाहिका, जनरेटरवाला. शिवाय पोलिसांची परवानगी आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला यांमागे रोज फिरणारा एक चिकाटीचा माणूस. प्रक्षेपणाची तार आणि दिव्यांची तार एकाच जनरेटरवर कधीही ठेवू नका.

आधी कोणती लढत मागावी

माझं स्पष्ट मत आहे की मुंबईने आधी महिला जगज्जेतेपदाची लढत मागावी. २०२३ आणि २०२५ च्या महिला लढतींचं बक्षीस पाच लाख युरो होतं आणि डाव बारा. खुल्या लढतीच्या मानाने हा भार बराच हलका, पण काच, खोल्या, पंच, प्रक्षेपण सगळं तसंच शिकायला मिळतं. आणि या मातीत त्याला अर्थ आहे. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्यांची बहीण रोहिणी १९८१ मध्ये आशियाची पहिली महिला विजेती झाली. भाग्यश्री ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याने फिडेच्या महिला ग्रां प्री मालिकेचा टप्पा भरवला आणि कोनेरू हंपीने तो जिंकला. पुण्याला जे जमलं त्याच्या पुढची पायरी मुंबईने चढावी.

त्याच्याही आधी नऊ फेऱ्यांची, परदेशी खेळाडू असलेली, नॉर्म (ग्रँडमास्टरसारख्या किताबासाठी लागणारी कामगिरी) मिळू शकेल अशी एक स्पर्धा तुमच्या संघाने स्वतः पार पाडा. तिथे वेळेवर पैसे दिलेत की नाही, हे खेळाडू जगभर एकमेकांना सांगतात, आणि फिडेचे लोक तेच आधी विचारतात.

शेवटच्या रात्रीनंतर

समारोपाच्या आधीच बक्षिसाच्या हस्तांतराची कागदपत्रं बँकेत भरलेली असावीत, निकालाचा आकडा घालून फक्त सही उरलेली. कर किती कापला याचा लेखी हिशेब खेळाडू परत जाण्याआधी त्याच्या हाती द्या. स्वयंसेवकांचं मानधन, चहावाले, सफाई कर्मचारी, बसचालक यांची बिलं त्याच रात्री चुकती करा. मोठ्या कंपन्यांची देणी तीस दिवसांत. नव्वद दिवसांत लेखापरीक्षण झालेला हिशेब छापून प्रत्येक प्रायोजकाला आणि प्रत्येक देणगीदाराला पाठवा, पावतीपुस्तकातल्या ५१ रुपयेवाल्यालासुद्धा. लढतीचा पट आणि मोहरे दोन्ही खेळाडूंच्या सह्या घेऊन सांभाळून ठेवा. सरावाचे उरलेले पट महापालिका शाळांच्या वर्गांत पोचवा. त्या मुलांच्या हातात ते सोमवारी सकाळी पडले पाहिजेत, म्हणून टेम्पो रविवारीच सांगून ठेवा.